दोन जीबी, चार जीबी आणि तांबेकाकांचा सभामंडप

लॅपटॉपमधलं ग्राफिक कार्ड आणि लग्नातला नवरा, दोन्ही पक्के चिकटवून येतात. नंतर बदलायची सोय नाही, म्हणून घेतानाच नीट बघून घ्या. हा डायलॉग मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना मारतोय. एकदा आमची सुनंदा डबा घेऊन दुकानात आलेली, तिनं ऐकला. गिऱ्हाइकासमोरच म्हणाली, "सोय असती तर मी पहिल्याच वर्षी गॅरंटीत परत केलं असतं." गिऱ्हाईक हसलं आणि लॅपटॉप घेऊन गेलं. म्हणजे धंदा तिनं केला, तोंड मी वाजवलं. आमच्याकडे कायम असंच.

कल्याण वेस्टला एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर माझा आठ बाय दहाचा गाळा आहे. जुने लॅपटॉप घ्यायचे, साफ करायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. माझं शिक्षण सातवी, आणि त्या सातवीतसुद्धा शेवटचे दोन महिने मास्तरांनी माझं तोंड बघितलेलं नाही. इंग्लिश मला वाचता येत नाही, पण ओळखता येतं. माणूस जसा चालीवरून ओळखतो तसं. आमच्या लाइनीत तेवढं पुरतं असं मला वाटायचं.

माल येतो शीळफाट्याच्या एका गोडाऊनमधून. कंपन्या आपले जुने लॅपटॉप भंगारात काढतात, ते तिकडे लॉटमध्ये येतात. कांद्यासारखा ढीग. त्यातून चांगले निवडायचे. मी झाकण उघडायच्या आधी हवेच्या जाळीला नाक लावून वास घेतो. जळका वास आला की बाजूला. लोकांना वाटतं हा मोठा जाणकार. गोडाऊनवाल्याला वाटतं याला सर्दी आहे.

आता ग्राफिक कार्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. लॅपटॉपमध्ये एक डोकं असतं ते हिशोब करतं. आणि काही लॅपटॉपमध्ये एक वेगळा पेंटर बसवलेला असतो, तो फक्त स्क्रीनवरची चित्रं रंगवतो. गेम, पिक्चर, थ्रीडी, सगळं त्याच्याकडे. तो पेंटर म्हणजे ग्राफिक कार्ड. त्याला सामान ठेवायला स्वतःची खोली असते. ती खोली किती मोठी, ते जीबीत सांगतात. दोन जीबी, चार जीबी.

आणि गिऱ्हाईक तेवढंच विचारतं. "किती जीबी?" भाजी कितीला तसं. चार म्हटलं की मान डोलावतात, दोन म्हटलं की नाक मुरडतात. पण स्टिकरवर एक गोष्ट कोणी लिहीत नाही. खोलीचा दरवाजा किती रुंद आहे ते. जुन्या कार्डांत असा प्रकार असायचा की चार जीबीवाल्याची खोली हॉलएवढी, पण दरवाजा आमच्या बाथरूमचा. सामान एकेक करून आडवं-तिडवं बाहेर काढायचं. आणि दुसरं कार्ड दोन जीबीचं, खोली लहान, पण पुढं दुकानासारखं अख्खं शटर. सामान झपाझप आत-बाहेर. मग काम कुठलं लवकर करणार? दोनवालं. हे मला एका गोडाऊनवाल्यानं फुकटात सांगितलं आणि पुढची दहा वर्षं मी ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

हे दाखवायला माझ्याकडे मेदूवडा होता. खरा नाही. एक टेस्ट असते, त्यात स्क्रीनवर एक केसाळ वडा गोल-गोल फिरतो. अंगभर केस. प्रत्येक केस कार्डाला रंगवायला लागतो, त्यात त्याची फाटते. कोपऱ्यात आकडा येतो, सेकंदाला किती चित्रं निघाली त्याचा. दोन लॅपटॉप बाजूबाजूला ठेवायचे, दोन्हीत वडा सोडायचा, पंधरा मिनिटं. गिऱ्हाईक तोंड उघडं ठेवून बघायचं आणि मी हाताची घडी घालून उभा. डॉक्टरला कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळायचं.

आता डॉक्टरकी किती, तर डोंबिवलीचे एक बँकेतून रिटायर झालेले साहेब एकदा लॅपटॉप घेऊन आले, बॅगेतून पाणी टपकतंय. ते रोज संध्याकाळी लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवायचे, ताकाच्या भांड्याच्या वर. अख्ख्या मार्केटला मी ही गोष्ट सांगत फिरलो, पोट धरून हसलो. आठ दिवसांनी ते परत आले आणि शांतपणे म्हणाले, "बाळूशेठ, तुम्हीच सांगितलेलं, गरमीनं कार्ड जातं, थंड ठेवत चला." सांगितलेलं. मीच सांगितलेलं.

आणि एक लग्नाचा फोटोग्राफर. त्यानं पेन ड्राइव्ह लावला आणि त्यातून असा व्हायरस आला की माझ्या दुकानातल्या सगळ्या मशीनमधले फोल्डर गायब. नऊ गिऱ्हाइकांचा माल. आठ दिवस मी शटर अर्धं पाडून बसलेलो, कोणी हाक मारली की टेबलाखाली. त्यानंतर मी बोर्ड लावला, गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह दुकानातल्या मशीनला लावला जाणार नाही. देव आला तरी नाही. हा नियम मी गिऱ्हाइकासमोर कधी मोडला नाही. बाकीचे सगळे मोडले, हा पाळला. आणि नेमका हाच मोडायला पाहिजे होता.

तांबेकाका कोपरला राहायचे. डेकोरेशनवाले. गणपतीत मंडळांचे देखावे उभे करायचे, बांबू, कापड, काथ्या, प्लायवूड. बांबूचा साठा खडवलीला एकाच्या वाडीत ठेवलेला. डोंबिवलीतल्या एका मोठ्या मंडळाचं काम त्यांच्याकडे वीसेक वर्षं सलग होतं. काकांची ओळख म्हणजे ते मंडळ. रस्त्यानं जाताना लोक म्हणायचे, "काका, यंदा काय?" आणि काका म्हणायचे, "ये बघायला."

मग कमिटी बदलली. नवीन पोरं आली, चांगली पोरं, पण म्हणाली, काका, कागदावरचं चित्र नको, थ्रीडीत दाखवा. ठाण्याची एक पार्टी आलीय ती थ्रीडीत दाखवते. काका तेव्हा बासष्ट वर्षांचे. दुसरा कोणी असता तर चिडला असता. काका पुतण्याच्या कॉम्प्युटरवर बसून चार महिने शिकले. एका बोटानं. आणि त्यांनी आपल्या गावच्या देवळाचा लाकडी सभामंडप उभा केला. ते देऊळ गावकऱ्यांनी पाडून नवीन बांधलं, चकचकीत टाइल्सचं. पण पाडायच्या आधी काकांनी एकेका खांबाचा जवळ जाऊन फोटो काढलेला. भेगा, तेलाचे डाग, भाविकांच्या हातानं काळा झालेला भाग, सगळं. ते फोटो त्यांनी थ्रीडीच्या खांबांवर चिकटवले. खरा खांब दिसेल असा. यंदा तो मंडप बांबू-कापडात परत उभा करायचा, ही त्यांची इच्छा.

नेमकी पुतण्याला पुण्याला नोकरी लागली आणि तो कॉम्प्युटर घेऊन गेला. रविवारी सकाळी कमिटीची मीटिंग. गुरुवारी काका माझ्याकडे आले, खिशात पेन ड्राइव्ह.

"बाळू, थ्रीडी चालेल असं काहीतरी दे रे. जुनं चालेल, पण तिथं माझी लाज जाता कामा नये."

माझ्याकडे दोन होते. एक चार जीबीवाला, एक दोन जीबीवाला. दोन्ही सहा-सात वर्षं वापरलेले. काकांनी अर्थात चारवर बोट ठेवलं. मी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

"काका, सगळे इथंच फसतात. जीबीवर जाऊ नका. खोली मोठी, पण दरवाजा बघा."

"म्हणजे रे?"

मग मी खोली, दरवाजा, शटर, सगळं पुराण सांगितलं. वडा सोडला. दोन जीबीवाल्यावर पस्तीसचा आकडा, चारवाल्यावर वीस. एक वडा धावतोय, दुसरा म्हाताऱ्यासारखा कुशीवर वळतोय.

काका बघत होते. म्हणाले, "हे बरोबर आहे तुझं. पण माझ्यात फोटो फार आहेत रे. मोठे मोठे. एकदा लावून बघूया का?" आणि पेन ड्राइव्ह पुढे केला.

मी बोर्डाकडे बोट दाखवलं. "नियम म्हणजे नियम, काका. आणि फोटोंचं काय एवढं? फोटो तर मोबाईलवर पण उघडतात."

"नाही, तू जाणकार आहेस. मला आपलं वाटलं."

दोनवाला मी दिला. तो दीड हजारानं स्वस्त होता, म्हणजे यात माझी लबाडीसुद्धा नव्हती. लबाडी असती तर बरं झालं असतं, निदान कशासाठी केलं ते सांगता आलं असतं. मी फक्त शहाणपणा केला.

घरी त्यांनी फाईल उघडून बघितली नाही का, असं तुम्ही विचाराल. बघितली. बाहेरचं महाद्वार आलं, फिरलं, झकास. मला फोन केला, "बाळू, पळतंय रे!" आत जायला लागले तेव्हा जरा अडकलं. त्यांनी परत फोन केला. मी म्हणालो, "काका, नवीन मशीन आहे, त्याला सवय होऊ दे." मशीनला सवय! सहा वर्षं जुन्या मशीनला! आणि त्यांनी ऐकलं. बिघडायला नको म्हणून रविवारपर्यंत बंद करून कपाटात ठेवला.

रविवारी मला म्हणाले, "चल सोबत. मशीन तुझं, तू असलास की मला धीर." मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलेलो. मंडळाच्या ऑफिसात पंधरा-सोळा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, पोह्यांच्या प्लेटी. अध्यक्ष म्हात्रे, तिशीचा पोरगा, काकांच्या पाया पडला. भिंतीवर टीव्ही होता, त्याला लॅपटॉप जोडला.

महाद्वार आलं. लोक सरसावून बसले. एकजण म्हणाला, "काका, एक नंबर!" काकांनी एका बोटानं बाण दाबला, आपण दारातून आत चाललो. पहिला खांब आला. त्यावरची भेग दिसली. एक म्हातारे सभासद होते, ते पोह्यांची प्लेट खाली ठेवून म्हणाले, "हे खरं लाकूड आहे का हो?" काकांची मान ताठ झालेली मी बघितली. दुसरा खांब आला. तिसरा येता येता चित्र थांबलं, थरथरलं आणि टीव्ही काळा.

मला तेव्हाच कळलं. डोक्यात लख्ख. खोली भरली. काकांचे फोटो त्या दोन जीबीत मावत नव्हते. शटर कितीही रुंद असू दे, खोलीतच जागा नाही तर सामान ठेवणार कुठं?

परत चालू केलं. महाद्वार, पहिला खांब, दुसरा खांब, काळा.

म्हात्रे म्हणाला, "काका, घाई नाही. परत लावा. आम्ही थांबतो." मनापासून म्हणाला. त्या पोराला तो मंडप बघायचा होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ठाण्याची पार्टी बाहेर बसलेली, तिला त्यानं अर्धा तास आणखी थांबायला सांगितलं.

तेव्हा मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. एक म्हणजे उभं राहून सांगायचं, मशीन चुकीचं आहे, मी दिलंय, बरोबर मशीन कल्याणला माझ्या दुकानात पडलंय, दीड तास द्या, घेऊन येतो. दुसरी म्हणजे गप्प बसायचं. मी तिसरी केली. ऑफिसात फार शांत झालेलं, काका घामेजलेले, एका बोटानं तेच बटण दाबतायत, आणि मला शांतता सहन होत नाही. लहानपणापासून होत नाही. मी म्हणालो, "थांबा हो अध्यक्ष, लोडिंग चालूय. विसर्जनापर्यंत दिसेल!"

सगळे हसले. खदाखदा. मागून एकजण म्हणाला, "मग यंदा डेकोरेशन दुसऱ्याला देऊ, विसर्जन काकांना!" परत हशा. ते म्हातारे सभासदसुद्धा हसले. काकापण हसले.

आणि त्या हसण्यात काम संपलं. म्हणजे कोणी तसं बोललं नाही. पण जे थांबायला तयार होते त्यांना आता थांबायची गरज उरली नाही. म्हात्रे उठला, काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, असू दे. तुमचं काम आम्हाला माहिती नाही का? पण आता या वयात तुम्ही कशाला एवढी दगदग करताय? तुम्ही आमचे मार्गदर्शक." ठाण्याच्या पार्टीला आत बोलावलं. त्यांच्याकडे काचेचा महाल होता, सरकन फिरला.

बाहेर आलो. मी म्हणालो, "काका, चूक माझी आहे." काका वायर गुंडाळत होते. म्हणाले, "नाही रे. तू बोललास ते बरं झालं. फार शांत झालेलं."

त्याहून मला शिव्या दिल्या असत्या तर घरी जाऊन जेवलो असतो.

सुनंदाला सांगितलं. तिनं विचारलं, "ते विसर्जनाचं तुम्ही बोललात?" मी हो म्हणालो. ती उठली आणि कुकर लावायला गेली. आमच्या लग्नाला तीस वर्षं होतील, टोमणा मारायचा चान्स तिनं सोडलेला मी तेवढा एकदाच बघितला.

रविवारच्या गडबडीत मशीनमधून काढलेला काकांचा पेन ड्राइव्ह माझ्या खिशात राहिलेला. सोमवारी दुपारी दुकान रिकामं होतं. बोर्ड डोक्यावर होता, तरी मी तो चार जीबीवाल्याला लावला. उघडायला इतका वेळ लागला की मध्ये मी चहा सांगून, पिऊन, कप परत दिला. मग महाद्वार आलं. हळू. बैलगाडीत बसल्यासारखं. पहिला खांब, दुसरा, तिसरा. थांबलं नाही. चौथा, पाचवा. अडखळत, धापा टाकत, पण चालत राहिलं. बारा खांब होते. वर तुळयांवर कोरलेले पोपट होते. आणि गाभाऱ्याच्या दारात, जिथं गणपती बसणार ती जागा रिकामी सोडलेली, तिथं वरून उजेड पडत होता. तो उजेड काकांनी कसा काय बसवला असेल, एका बोटानं, देव जाणे. पंधरा माणसांनी बघायचं ते मी एकटा बघत होतो, तोंडात गुटख्याची पुडी धरून.

संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन कोपरला गेलो. काका गॅलरीत काथ्याचे गुंडे सोडवत बसलेले. मी लॅपटॉप उघडून समोर ठेवला. "काका, यात चालतंय. सगळं. तुम्ही म्हणालेलात तोच. आपण म्हात्रेला परत—"

"म्हात्रेनं कालच ठाणेवाल्यांना कामाचा नारळ दिला रे." काकांनी बाण दाबला. हळूहळू आत गेले. सगळं बघितलं, बाराच्या बारा खांब. मध्ये एकदा म्हणाले, "हा डावीकडचा जरा आत घ्यायला पाहिजे होता." गाभाऱ्यापर्यंत पोचले आणि झाकण खाली केलं.

"हे घेऊन जा. तो पहिला पण घेऊन जा."

"काका, तुम्ही दुसऱ्या मंडळाला दाखवा ना. मी येतो, तोंड शिवून येतो."

"नको रे. मला तिथं सगळ्यांत जास्त कसलं वाईट वाटलं माहितीय? मीपण हसलो." आणि परत काथ्या सोडवायला लागले. मी बराच वेळ बसलो. त्यांच्या मुलीनं चहा दिला, तो प्यायलो. कोणी काही बोललं नाही, आणि तेव्हा मीपण नाही बोललो.

पेन ड्राइव्ह त्यांनी परत घेतला. त्यांनी त्याचं पुढे काय केलं, मी विचारलं नाही.

त्या वर्षी गणपतीच्या आधी दहा-बारा दिवस मी डोंबिवलीला एका गिऱ्हाइकाकडे चाललेलो. त्या मंडळाच्या रस्त्यानं जायचं मी टाळत होतो, पण खोदकामामुळे रिक्षावाल्यानं रिक्षा तिकडूनच घेतली आणि ती तिथंच अडकली. मांडव उभा राहत होता. ठाण्याच्या पार्टीकडे थ्रीडी होतं, पण बांबू बांधायला माणसं नव्हती. ती त्यांनी इथलीच घेतलेली, रोजावर. काकांची माणसं. आणि वर, शिडीच्या टोकाला, दातात काथ्या धरून, काका.

मी रिक्षात मागं सरकलो. पण त्यांनी बघितलं.

"ए बाळू! बरा आलास. उतर जरा खाली."

उतरलो. काकांनी दातातला काथ्या हातात घेतला. दोन बांबू त्यांनी आडवे धरलेले, मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय.

"तिथून बघून सांग रे. इथं वर मला अंदाज येत नाही. सरळ आहे ना?"

"हो काका," मी म्हणालो. "एकदम सरळ."

"नक्की ना? बांधू?"

"बांधा."

त्यांनी गाठ मारली. मी रिक्षात येऊन बसलो. सांगताना मान मी वर केलीच नव्हती.